भुरीच्या वाट्याची मूठ

त्या सोमवारी घरातली कानबाई नदीवर जायला निघाली आणि मी तिच्याकडे पाठ फिरवून, आजारी कुत्रीला मांडीवर घेऊन रिक्षात बसले. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लग्न होऊन धुळ्याला आल्यापासून दर श्रावणात आमची कानबाई पांझरेच्या पाण्यापर्यंत माझ्याच डोक्यावरून गेलेली. त्या दिवशी तिचा पाट जाऊबाईंच्या डोक्यावर दिला. रिक्षा वळली तेव्हा मागे डफ वाजत होता आणि माझ्या मनात एकच घोळत होतं, की बाई, तुझं एवढं केलं, आणि नेमकं तुझ्याच दिवशी हे माझ्या वाट्याला? ती प्रार्थना नव्हती, तक्रार होती. मी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. तक्रार ऐकून घेणं आणि नियम सांगणं यात माझी सगळी नोकरी गेली, आणि देवीपुढे बसले तरी ती सवय काही सुटत नव्हती.

भुरी सात वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. माझे यजमान एसटीच्या कार्यशाळेत होते. एका संध्याकाळी डबा ठेवायच्या पिशवीत हे एवढंसं पिल्लू घालून घरी आले. डबा कुठे आहे म्हणून मी विचारलं, तर तो कार्यशाळेतच विसरलेला. मी पुष्कळ बोलले. ते हसत राहिले आणि पिल्लू राहिलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आता ‘हं’ आणि ‘अं’ एवढंच. तेव्हापासून भुरी त्यांच्या पलंगाखालून हलत नाही. त्यांनी डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर दोनदा टकटक केलं की ती उठते, मी गच्चीवर असो नाहीतर स्वयंपाकघरात, मला शोधते आणि पदर धरून ओढत आणते. एकदा ते न्हाणीघरात पडले, तेव्हा तिनं गल्ली गोळा होईपर्यंत भुंकणं थांबवलं नव्हतं. नवऱ्याचा गेलेला आवाज आमच्या घरात असा चार पायांवर फिरत होता. म्हणून तिचं पोट फुगलं, ती घटाघटा पाणी प्यायला लागली आणि खाणं टाकून बसली, तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भाशयात पू झाला होता. थांबून चालणार नव्हतं, सोमवारी ऑपरेशन. रात्रीपासून काही खायला द्यायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. सूचना पाळण्यात माझा हात कोण धरणार!

आता कानबाईचं थोडं सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी ती बसते. नारळाला नथ, चांदीचे डोळे, नवी साडी. सुरत-मुंबईला पांगलेले भाऊबंद त्या दिवसापुरते एका छताखाली येतात. आमच्या घरी माणशी सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळतात आणि त्याच पिठाचे जाड, तुपाळ रोट होतात. हे रोट फक्त घरच्यांनी खायचे. बाहेरच्या कुणाला द्यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत, तुकडा टाकायचा नाही. सोमवारी विसर्जनाला निघण्याआधी प्रत्येकानं रोटाचा घास घेतलाच पाहिजे. भुरी घरी आली त्या पहिल्या श्रावणात यांनी सुपात एक मूठ जास्तीची टाकली. मी विचारलं, ही कुणाची? म्हणाले, ‘‘हाई बी घरनीच शे ना? मंग इन्हा वाटाना गहू नको का?’’ मी कपाळाला हात लावला. कुत्रीला कुळाचा रोट! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. पण त्यांची वाचा गेल्यावर तीच मूठ मी स्वतः, अगदी न चुकता टाकायला लागले. त्यांचं जे जे करता येईल ते करायचं, अशी ती एक जिद्द होती.

त्या सोमवारी सकाळी सगळ्यांनी घास घेतला. यांना मी भरवला. भुरीच्या वाट्याचा रोट ताटात तसाच राहिला. मला डॉक्टरांचं सांगणं आठवत होतं, नाही असं नाही. पण मनात म्हटलं, पोटावर सुरी चालणार आहे आणि घरातल्या एकटीनंच कानबाईचा घास न घेता निघायचं? घासभर प्रसाद म्हणजे काय जेवण असतं का? एक तुकडा खिरीत बुडवून तिच्यासमोर धरला. चार दिवस अन्नाकडे न बघणारी भुरी, ती उठून बसली आणि तिनं तो खाल्ला. मी दुसरा दिला. तिनं तोही खाल्ला. अख्खा रोट संपला, वाटीतली खीर संपली. पलंगावरून हे बघत होते. त्यांचा डावीकडचा ओठ हलला, ते हसले. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मला वाटलं, हाच कौल. देवीनं हिला हात दिला, आता काही होत नाही. इतकी खात्री मला आयुष्यात क्वचितच कशाची वाटली असेल.

दवाखान्यात मदतनीसानं कागद पुढे केला. त्यावर जनावर उपाशी असल्याची ओळ होती. ‘‘उपाशी आहे ना, मॅडम?’’ त्यानं विचारलं. मी हो म्हटलं आणि माझ्या वळणदार अक्षरात सही केली. तेव्हा मला आपण खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. प्रसाद हा माझ्या हिशेबी खाण्यात धरायचाच नव्हता. भुरीला आत नेलं. मी आणि सुरतेहून आलेले माझे धाकटे दीर बाहेर बाकावर बसलो. त्यांना घरात सगळे नाना म्हणतात. स्वभावानं प्रेमळ, पण तापट. साडीच्या कारखान्यात मुकादम आहेत आणि जगातला प्रत्येक प्रश्न आवाज चढवला की सुटतो, असा त्यांचा अनुभव आहे.

बारा वाजून गेले असतील. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग घाईघाईनं चालणारी पावलं. डॉक्टरीणबाई दाराशी आल्या. तिशीची मुलगी, हातमोजे रक्तानं भरलेले, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, ‘‘गर्भाशय काढून झालंय. टाके घातले आणि तिचा श्वास अडखळायला लागला. जीभ निळी पडतेय. आजी, खरं सांगा, सकाळी काही खाल्लं होतं का तिनं?’’ मी उत्तर द्यायच्या आत नाना उठले. ‘‘अहो, आमची वहिनी हेडमास्तरीण होती! तिला शिकवता का? चांगली चालत आली कुत्री इथपर्यंत. तुमच्या हातानं बिघडलं आणि आता आमच्यावर ढकलता? मी सोडणार नाही, सांगून ठेवतो!’’ डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या. आणि मी म्हटलं, ‘‘नाही. काही नाही खाल्लं.’’

सकाळचा ‘हो’ अडाणीपणाचा होता, हा ‘नाही’ निव्वळ खोटा होता. आपण काय केलंय ते मला तेवढ्यात कळलं होतं. पण नानांसमोर, मदतनीसासमोर, त्या वळणदार सहीसमोर ते तोंडातून निघेना. शिवाय आणखी एक भीती होती, आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. रोटानं भुरी मेली म्हटलं, तर मग सकाळचा तो कौल काय होता? मला देवीवरचा विश्वास वाचवायचा होता आणि त्यासाठी मी एका परक्या मुलीला बळी देत होते. ‘‘मग औषध लागलं असेल, नाहीतर आत रक्तस्राव होतोय. पुन्हा उघडून बघावं लागेल,’’ असं म्हणून त्या आत पळाल्या. नाना फोन काढून कुणाकुणाला बोलवायला लागले. मला तिथं बसवेना. मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले. डोळ्यांपुढे फक्त पलंगाच्या कडेवर टकटक करणारा यांचा डावा हात येत होता. आता ते टकटक करतील आणि कुणीच उठणार नाही.

आणि तेवढ्यात त्या गल्लीत डफ वाजला. तो दवाखाना नदीच्या वाटेवर नाही. तिथून विसर्जनाची मिरवणूक कधी जात नाही. नंतर कळलं, की मोठ्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी खणून ठेवलं होतं, म्हणून दोन-चार घरच्या कानबाया या बोळातून वळवल्या होत्या. समोर एक ट्रॅक्टर आडवा लागला होता, तो निघेपर्यंत मिरवणूक थांबली. थांबली ती बरोबर माझ्यापुढे. हिरव्या लुगड्यातली एक काळीसावळी बाई, हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले, डोक्यावर पाट. मी वर पाहिलं. त्या बाईकडे नाही, तिच्या डोक्यावरच्या कानबाईकडे. नारळावरचे चांदीचे डोळे उन्हात असे चमकत होते, की माझ्यानं नजर हलवेना. सकाळी मी जिच्याकडे पाठ फिरवली होती, ती दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर बसून, वाट वाकडी करून माझ्या पायरीशी येऊन उभी होती. डफ थांबला होता. आणि समोरून आवाज आला, हळू, पण स्पष्ट, ‘‘लपाडू नको, माय. बठ्ठं सांगी टाक.’’

लपवू नको, सगळं सांगून टाक! मी तर कुणाला एक शब्द सांगितलेला नव्हता. त्या गल्लीत मला ओळखणारं कुणी नव्हतं. मी उठले ते मला आठवत नाही. आतलं दार लोटलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या हातात कात्री होती आणि भुरी टेबलावर पसरलेली होती. मी मोठ्यानं म्हणाले, ‘‘थांबा! मी खोटं बोलले. सकाळी साडेसातला मी तिला अख्खा रोट आणि वाटीभर खीर दिली. कागदावर खोटी सही केली.’’ मागे नाना उभे होते, त्यांचा फोन कानालाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी अर्धा क्षण माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कात्री ठेवली आणि मदतनीसाला म्हणाल्या, ‘‘टेबलाचं डोकं खाली करा. पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलंय. नळी द्या, खेचायचं मशीन लावा.’’ मग मला म्हणाल्या, ‘‘आजी, तिचा पाय धरा. घट्ट.’’

मी पाय धरला. तो गार होता. नळीतून खीर आली, रोटाचे भिजलेले कण आले. माझ्याच हातानं भरवलेलं. मी ते सगळं पाहिलं, डोळे मिटले नाहीत. तेव्हा मी देवीकडे भुरीला मागितलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मागायला तोंडच उरलं नव्हतं. मनात एवढंच होतं, की हे सगळं तुझं आहे, माझी चूकसुद्धा, तुला काय करायचं ते कर. बाहेर डफ पुन्हा सुरू झाला, ट्रॅक्टर निघाला असावा. तो आवाज बोळातून लांब लांब जात राहिला, आणि अगदी ऐकू येईनासा होण्याच्या बेतात असताना माझ्या मुठीतला पाय हलला. भुरीनं खरखरत एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. निळी जीभ बघता बघता गुलाबी व्हायला लागली. मी हातात पाय धरून तशीच उभी, आणि माझ्या सर्वांगातून काहीतरी वाहून चाललं होतं. त्याला आनंद म्हणावं तर तो आनंदाहून मोठा होता. भीतीही होती त्यात. एवढं आपल्याला मिळावं अशी आपली लायकी नाही आणि तरी ते मिळतंय, याची ती भीती होती.

नाना बाकावर जाऊन बसले. मग उठून आत आले आणि डॉक्टरीणबाईंसमोर हात जोडून म्हणाले, ‘‘ताई, मी बोलनू ते पोटमा ठेवू नका.’’ सुरतेत तीस वर्षं काढलेला माणूस गोंधळला की गावच्या बोलीवर येतो. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, मी टाके उसवायलाच घेतले होते. तिला पुन्हा उघडलं असतं तर तो ताण तिला सोसला नसता. मग त्यांनी मला फुफ्फुसाला सूज येईल, पुढचे तीन-चार दिवस कठीण आहेत, कशाचीच खात्री देता येत नाही, असं स्वच्छ सांगितलं. भुरीला ऑक्सिजनवर तिथंच ठेवावं लागलं.

घरी आले तेव्हा दिवस कलला होता. यांनी आधी माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पलंगाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. रोट, सही, ते ‘नाही’. तुमची भुरी मी माझ्या हातानं घालवत होते, असंही म्हणाले. ते ऐकत राहिले. मला वाटलं तोंड फिरवतील. त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ तिथंच ठेवला. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता.

भुरी सहाव्या दिवशी घरी आली. हाडकुळी, पोटावर टाके, गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून घालतात ती प्लॅस्टिकची टोपली. दारातून सरळ पलंगाकडे गेली, टोपली चार वेळा आपटली, आणि पलंगाखाली शिरता येईना म्हणून यांच्या पायांशी पसरली.

दिवाळीच्या आधी मी बाजारात गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, घ्यायला गेले, तर गंगाफळाच्या ढिगामागे तीच बाई बसलेली. हनुवटीवरचे तीन ठिपके मी लगेच ओळखले. मी तिच्यासमोर वाकून तिचे हात धरले. तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून आमची भुरी वाचली, असं मी तिला सांगत राहिले. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘‘तुमी पायरीवर रडी ऱ्हायनात ते मी दखं. पन मी बोलनू नही, माय. डोकावर कानबाई ऱ्हास तवय आमना घरनी बाई तोंड उघाडत नही. तिले पानीमा सोडीसनच मंग बोलानं.’’ मी विचारलं, कानबाई डोक्यावर असताना तुम्ही बोलतच नाही, तर मग कोण बोललं? तिनं गंगाफळ तराजूत ठेवलं आणि म्हणाली, ‘‘दुसरी कोनी व्हई.’’

दुसरी कुणी असेल. तिच्या मागे पाच-सहा बाया होत्या, त्यांच्यातली एखादी असेल. रडणाऱ्या बाईला बघून कुणीही म्हणेल, मनात ठेवू नको, सांगून मोकळी हो. माझे डोळे भरलेले होते आणि मी ओठांकडे बघत नव्हते. हे सगळं मला कळतं. यावर कुणाशी वाद घालायची माझी इच्छा नाही. पण ते गंगाफळ पिशवीत घालून मी घरी आले, तेव्हा माझे पाय जमिनीला लागत होते की नाही, मला सांगता येणार नाही.

हल्ली ओळखीपाळखीत कुणाच्या मांजराचं, कुत्र्याचं ऑपरेशन बिघडलं की लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते, ओरडू नका. आधी डॉक्टरांना जे असेल ते सगळं सांगा. काय खाल्लं, काय औषध दिलं, काय लपवलं. मग काय करायचं ते विचारा आणि लिहून घ्या. त्यांचं चुकलं असेल तर ते नंतरही विचारता येतं. आधी आपली मूठ उघडा. पूर्वी मला वाटायचं, सगळे नियम पाळणं म्हणजे देवीला शरण जाणं. पण माझा तो नेमनिष्ठपणाच मला आड येत होता. मी तिला एकतीस वर्षं डोक्यावर मिरवलं आणि पोटातली एक गोष्ट तिच्या पायाशी ठेवायला मात्र तिलाच माझ्या पायरीपर्यंत यावं लागलं.

यंदाच्या श्रावणात गहू मोजायला सूप घेतलं, तेव्हा यांनी पलंगावर टकटक केली. भुरी पदर धरून मला घेऊन गेली. त्यांनी सूप मांडीवर घ्यायची खूण केली आणि डाव्या हातानं एकेकाच्या वाट्याचे गहू टाकले. भुरीचेही टाकले. मी सूप उचलायला गेले तर त्यांनी ते धरून ठेवलं, आणि आणखी एक मूठ टाकली. मी विचारलं, ही कुणाची? त्यांनी आपल्या पोटावर बोटानं आडवी रेघ ओढली, टाक्यांची, आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी कपाळाला हात लावला नाही.

रोट उंबऱ्याबाहेर जात नाही, म्हणून सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईच आमच्या घरी आल्या. पंगतीत त्या यांच्या पलंगाशेजारी बसल्या. मी रोट वाढला. भुरी ताटाकडे बघत शेपटी आपटत होती. मी तिच्या वाट्याचा तुकडा हातात घेतला, आणि देण्याआधी त्यांच्याकडे पाहून विचारलं, ‘‘देऊ का हो?’’

त्या म्हणाल्या, ‘‘द्या, आजी.’’ मग मी दिला.